साठ उत्तरं आली, आता ऐकू कोणाचं?

पत्र थोडक्यात: पाथर्डी फाट्याजवळच्या सोसायटीत राहणारी एक आई लिहितेय. मूळची बागलाणातली, लग्नानंतर नाशिकला आली. नवरा अंबडला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा. सासूबाई सटाण्याहून येऊन-जाऊन असतात. सोसायटीतल्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिने एका रात्री मेसेज टाकला की जवळपास चांगलं प्लेग्रुप कोणतं, मुलांचे डॉक्टर कोणते चांगले, याची सर्दी काही हटत नाहीये, आणि हो, हा अजून सात-आठच शब्द बोलतो, तुमच्याकडे कोणाचं असं होतं का. सकाळपर्यंत साठेक उत्तरं. पाच प्लेग्रुप, सात डॉक्टर, एकीने खोकल्याच्या बाटलीचा फोटो टाकून "५ मिली दे, आमच्याकडे हेच चालतं". बोलण्याबद्दल कोणी म्हणालं मुलगे उशिराच बोलतात, कोणी म्हणालं घरात अहिराणी बोलता म्हणून पोर गोंधळतंय, एकीने कसलीच प्रस्तावना न करता ऑटिझमचा व्हिडिओ पाठवला. सासूबाई म्हणतात याचा बापही तीन वर्षांनी बोलला. हिचा प्रश्न असा: "ताई, ग्रुप सोडून देऊ का? ऐकू कोणाचं? सगळ्यांची मुलं पुढे चाललीयत, मीच कुठे कमी पडतेय का?"

अगं, तू चार गोष्टी विचारल्यास असं तुला वाटतंय, पण पत्र नीट वाचलं तर मला एकच दिसतेय. प्लेग्रुप, डॉक्टर, सर्दी हे सगळं पुढे केलंस आणि खरा प्रश्न सगळ्यात शेवटी "आणि हो" करून सोडलास. आपण असंच करतो, ज्याची भीती वाटते ते जाता जाता विचारतो म्हणजे उत्तरही जाता जाताच मिळेल. पण ग्रुपवर झालं काय, प्लेग्रुपची फी आणि मुलाचं बोलणं या दोन्हीला एकाच घाईत, एकाच आत्मविश्वासाने उत्तरं आली, म्हणून तुझा गोंधळ झालाय. बायकांचं चुकलं असं नाही, त्यांना जे विचारलं ते त्यांनी सांगितलं.

ग्रुप सोडू नकोस, हे आधीच सांगते. रविवारी संध्याकाळी कोणाचं क्लिनिक उघडं असतं, कुठे नंबर लावूनही दीड तास बसावं लागतं, कोणत्या प्लेग्रुपचं टॉयलेट बघून परत यावंसं वाटतं, कुठली व्हॅन पोरं कोंबून नेते, कुंभमेळ्याच्या कामांसाठी आज कुठला रस्ता खोदून ठेवलाय, हे सगळं त्या साठ जणींनाच माहीत असतं आणि ते ना गुगलवर मिळतं ना डॉक्टरकडे. नवीन गावात आलेल्या बाईला तर असा ग्रुप म्हणजे माहेरचा अर्धा गोतावळाच. कुठे, कधी, केवढ्याला, कसं जायचं, हे तिथे बिनधास्त विचार.

"माझ्या मुलाचं काही बिघडलंय का" हे मात्र तिथे विचारायचं नाही, कारण त्यातल्या एकीनेही तुझ्या मुलाचा कान तपासलेला नाही. आणि अजून एक. "माझा पण तीन वर्षांनी बोलला, आता गप्प बसवावा लागतो" असं लिहिणाऱ्या चौघी-पाचजणी प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, खऱ्याच असतात त्या. पण ज्यांचं पुढे असं आपोआप सुटलं नाही, ज्यांना वर्षभर थेरपीला फेऱ्या माराव्या लागल्या, त्या ग्रुपवर लिहीत नाहीत, नुसत्या वाचतात. म्हणजे धीर देणारी उत्तरं नेहमी जास्तच दिसणार. सासूबाईंचंही तेच, तुझा नवरा उशिरा बोलला आणि छान झाला, आनंद आहे, पण त्यावरून नातवाचं ठरत नाही. उलट घरात कोणी उशिरा बोललेलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचं असतं, थांबायचं कारण म्हणून नाही धरायचं.

आता बोलण्याबद्दल सरळ. साधारण दोन वर्षांच्या आसपास मूल पन्नासेक शब्द वापरतं आणि दोन शब्द जोडायला लागतं, "पाणी दे", "बाबा गेले", असं. थोडं मागेपुढे होतंच, पण दोन वर्षं चार महिन्यांना सात-आठ शब्द म्हणजे "अजून सहा महिने बघू" म्हणून सोडायचं नाही, दाखवून घ्यायचं. यातली बरीच मुलं पुढे भरून काढतात हे मला मान्य आहे, पण कोणती काढतील आणि कोणती नाही हे घरबसल्या कोणालाच कळत नाही, ना मला, ना व्हिडिओ पाठवणाऱ्या बाईला. दाखवून सगळं ठीक निघालं तर तुझी एक दुपार गेली एवढंच, आणि न दाखवता वाट बघितली आणि काही निघालं तर ज्या वयात मदत सगळ्यात जास्त लागू पडते ते वय हातचं जातं.

पहिलं काम कान. तू लिहिलंयस की सर्दी हटत नाही, आणि मी तिथेच अडकले. लहान मुलांना वारंवार सर्दी झाली की कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहू शकतं, दुखत नाही, ताप नसतो, घरात कोणाच्या लक्षातही येत नाही, पण पोराला बोलणं पाण्याखाली ऐकल्यासारखं दबकं ऐकू येतं. मग ते नीट बोलणार कसं? आणि "टाळी वाजवली की बघतो, कुकरची शिट्टी झाली की दचकतो, म्हणजे ऐकू येतं" हे काही खरं नाही. मोठा आवाज ऐकू येणं वेगळं आणि "स", "फ", "त" असले बारीक आवाज वेगवेगळे कळणं वेगळं. म्हणून आधी मुलांचे डॉक्टर, त्यांच्याकडून कान-नाक-घसावाले, आणि ऑडिओलॉजिस्टकडे ऐकण्याची तपासणी. एवढ्या लहान मुलाला हेडफोन लावून "ऐकू आलं का" विचारता येत नाही म्हणून ओएई आणि बेरा अशा टेस्ट करतात. बेरा मूल झोपलेलं असताना होते, दुखत नाही, फक्त झोपेची वेळ जुळवून घे आणि आदल्या रात्री उशिरा झोपव.

डॉक्टरकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस. तीन-चार दिवस फोनमध्ये लिहून ठेव. तो म्हणतो ते सगळे शब्द, मराठी आणि अहिराणी दोन्ही मिळून, कुत्र्याला दरवेळी "भू" म्हणत असेल तर तोही शब्दच. नावाने हाक मारल्यावर वळतो का. आजी खुर्चीत बसल्या बसल्या हाताने न खुणावता "आठे ये" (इकडे ये) म्हणाली तर जातो का, म्हणजे समजतं किती ते कळेल. विमान दिसलं तर बोटाने दाखवून तुझ्याकडे बघतो का की तू पण बघ. खोटा खोटा चहा पितो का, बाहुलीला भरवतो का. आधी येत असलेला एखादा शब्द बंद झालाय का, हे तर नक्की. यातलं नावाला न वळणं, बोट न दाखवणं, आलेले शब्द जाणं असं काही असेल तर अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतोय म्हणून महिनाभर थांबू नकोस, दुसरे डॉक्टर बघ पण लवकर दाखव. आणि तो व्हिडिओ मात्र परत बघू नकोस. त्यावरून "आहे" ही ठरत नाही आणि "नाही" ही ठरत नाही, नुसती झोप उडते.

खर्चाचा अंदाज नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये कान-नाक-घसा विभागात चौकशी कर. अंगणवाडीत नाव असेल तर तिथेही सांग, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून मुलांच्या तपासण्या होतात आणि त्यात वाढीतला उशीरही धरलेला आहे. लसीचं कार्ड आहे ना घरात, ज्यावर आपण फक्त पुढची तारीख बघतो, त्यात कोणत्या महिन्याला मुलाला काय यायला हवं तेही छापलेलं असतं, एकदा उघडून बघ. आणि पुढे स्पीच थेरपिस्ट लागलाच तर ग्रुपवर नाव मिळेल, पण जाण्याआधी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी आहे का ते विचार. सरळ विचार, नोंदणी असलेल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

अहिराणीचं. हे वाचून माझं डोकंच फिरलं. घरात दोन भाषा असल्या म्हणून मूल बोलायचं थांबत नाही. तसं असतं तर मालेगाव, सटाणा, कळवणकडची निम्मी पोरं मुकीच राहिली असती. दोन भाषांतली मुलं कधी एका वाक्यात दोन्ही मिसळतात, ते नॉर्मल आहे, आणि दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजले की आकडा बरोबर येतो. त्यामुळे आजीला गप्प करू नकोस, आणि ग्रुपवरचं "आता घरात इंग्लिशच बोला" तर मुळीच ऐकू नकोस. ज्या भाषेत तुम्हाला राग येतो, लाड करावेसे वाटतात, तीच भाषा बोला त्याच्याशी. उलट दिवसभर त्याच्याशी गप्पा मारायला वेळ असलेलं माणूस घरात आजीच आहे.

मोबाइलबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणून मला जरा शंका आली (रागावत नाहीये). बालरोगतज्ज्ञांच्या आयएपी या संघटनेचं म्हणणं असं की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल चालतो, आणि दोन ते पाच वयाला दिवसात जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तेवढं बरं. राइम्स लावून दिल्या म्हणजे भाषा येते असं नाही होत, कारण स्क्रीन पुढे पुढे जात राहते, पोराच्या उत्तरासाठी थांबत नाही. नवरा नाइट शिफ्ट करून झोपलाय, पोर रडतंय, कुकर लावायचाय, तेव्हा फोन दिला जातो, मला कळतं ते. जेवताना मात्र नको. तेवढं एक सोडलं तरी दिवसातला बराच वेळ परत मिळतो.

घरी काय करायचं? वेगळं काही आणावं लागत नाही. तू बोल आणि मग थांब. आपल्याला थांबवत नाही, "हे काय आहे? सांग ना, केळं, केळं म्हण" असं आपणच सगळं उरकतो. केळं हातात धर, "केळं" म्हण आणि मनात पाच-सहा आकडे मोज. त्याने "के" म्हटलं तरी "केळं पाहिजे? घे केळं" म्हणून एक शब्द वाढवून परत दे. चुकलेला उच्चार सुधारायला लावू नकोस, आणि पाहुण्यांसमोर "काकांना म्हणून दाखव" तर बंदच. बुधवारी जमलं तर गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात ने त्याला, कडेवर घेऊन भाज्यांची नावं घेत फिर, नाही तर फाट्यावरच्या भाजीवाल्याकडे ने, शब्द सारखेच मिळतात आणि पार्किंगची कटकट नाही.

सर्दी-खोकल्याच्या त्या बाटलीचं आता. नको देऊस. दुसरीच्या पोराचा डोस म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात खोकल्याच्या दूषित सिरपने मुलं दगावली, त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा नकोतच. औषध शुद्ध असलं तरी या वयात त्याचा फारसा उपयोग नसतो. नाकात सलाइनचे थेंब, कोमट पाणी, आणि एक वर्ष पूर्ण झालेलं असेल तर अर्धा चमचा मध, एवढं बहुतेक वेळा पुरतं. (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नको, चाटवायलाही नको, त्यातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. ज्यांच्याकडे गुटी मधात उगाळायची पद्धत आहे त्यांनी हे आजीला प्रेमाने सांगा.) श्वास जोरात चालतोय, बरगड्या आत ओढल्या जातायत, पीत नाही, फार सुस्त पडलाय असं दिसलं तर ग्रुप नाही, हॉस्पिटल. गाडी नसेल तर १०८.

आणि तापाचं औषध, हे सगळ्यांसाठी लिहितेय कारण ही चूक फार सहज होते. पॅरासिटामॉलच्या लहान बाळांच्या ड्रॉप्समध्ये साधारणपणे एका मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम असतं आणि साध्या सिरपमध्ये पाच मिलीमध्ये १२० किंवा १२५, दुसऱ्या एका सिरपमध्ये पाच मिलीमध्ये २५०. म्हणजे ग्रुपवर कोणी "५ मिली" लिहिलं आणि तुझ्या घरात ड्रॉप्सची बाटली असेल तर ते साध्या सिरपच्या चार पट होतं. डोस वजनावर ठरतो, म्हणून डॉक्टरांकडून आपल्या पोराच्या वजनाचा डोस आणि बाटलीचं नेमकं नाव लिहून घे आणि तो कागद फ्रिजवर लाव, नवऱ्यालाही कळेल.

आता प्लेग्रुप. याची घाई नाहीये हे आधी लक्षात घे. आपल्याकडे नर्सरीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण आणि पहिलीसाठी सहा पूर्ण, असा हिशेब आहे, तेवढा त्याच्या जन्मतारखेवरून काढून ठेव. त्याआधीचं प्लेग्रुप म्हणजे खेळायला चार पोरं आणि तुला दोन तास मोकळे, आणि तेवढंच कारण असलं तरी ते पुरेसं आहे, लाजायचं काय त्यात. पोरांमध्ये गेल्याने बोलायला मदत होऊ शकते, पण "शाळेत घातलं की बोलेल" म्हणून कानाची तपासणी पुढे ढकलायची नाही. ग्रुपवर "चांगलं कोणतं" असं विचारलं की प्रत्येकीला आपलंच चांगलं वाटतं. त्याऐवजी विचार, एका ताईकडे किती मुलं असतात, न सांगता मधेच गेलं तर आत सोडतात का, शी-शू झाल्यावर कोण बघतं, इतक्या लहान वयात पेन्सिल हातात देऊन लिहायला बसवतात का (बसवत असतील तर मी तरी घालणार नाही), आणि तुमचं मूल तिथून का काढलंत. हा शेवटचा प्रश्न वैयक्तिक मेसेजवर विचार, सगळ्यांसमोर कोणी खरं लिहीत नाही. हायवे ओलांडून जावं लागणार असेल तर कितीही नावाजलेलं असू दे, दुपारी बाराच्या उन्हात आणि पावसाळ्यात पोराला कडेवर घेऊन तो रस्ता एकदा चालून बघ, मग ठरव.

डॉक्टरांचंही तसंच. सात नावांतून सगळ्यात प्रसिद्ध निवडायचं नाही, रात्री दहाला ताप आला तर ज्यांच्यापर्यंत वीस मिनिटांत पोचता येईल आणि जे तुझा प्रश्न पूर्ण ऐकून घेतात ते निवडायचे. पहिल्या भेटीतच बोलण्याचा विषय काढ, सर्दीच्या आधी. शेवटी "आणि हो डॉक्टर" नाही. "मुलगे उशिरा बोलतात, बघू" एवढ्यावर डॉक्टरांनी पण उडवून लावलं तर शांतपणे म्हण की मला ऐकण्याची तपासणी करून घ्यायचीच आहे, चिठ्ठी द्या. नवऱ्याला सुट्टी असेल त्या दिवशीची अपॉइंटमेंट घे, दोघांनी ऐकलेलं बरं, नंतर घरी आल्यावर आजीला समजावताना तू एकटी पडत नाहीस. सासूबाईंना पण ने जमलं तर. सुनेचं ऐकलं नाही तरी डॉक्टरांचं ऐकतात, हे सगळ्या घरांत असंच आहे.

ग्रुपवर अजून एक तू टाकू शकतेस, कारण द्राक्षांचा सीझन आला की आपल्याकडे घरोघरी पेट्या येतात आणि पोरं आख्खी द्राक्षं तोंडात टाकत पळतात. पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत आख्खं द्राक्ष अगदी फिट्ट बसतं. उभं चिरून चार फोडी करायच्या, बसवून द्यायच्या, शेंगदाणे-फुटाणे या वयात नकोतच. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात पण लहान पोरं खाली पडलेलं बोर, हलवा पटकन तोंडात घालतात, तिथे एका मोठ्या माणसाने फक्त तेवढंच बघत बसायचं. कार्यक्रम तुमचा होतो तसाच होऊ द्या.

कमी पडतेस का? तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही मला. ज्यांची मुलं "पुढे चाललीयत" त्यांच्या आया ग्रुपवर फक्त येणाऱ्या गोष्टींचे व्हिडिओ टाकतात, पोर तासभर फरशीवर लोळून रडलं त्याचा कोणी टाकत नाही. फार त्रास व्हायला लागला तर ग्रुप आठवडाभर म्यूट कर, आणि त्या साठ जणींतल्या दोघी-तिघी शोध ज्यांची मुलं याच वयाची आहेत आणि ज्यांच्याशी बोलून झाल्यावर तुला हलकं वाटतं. तुमच्याजवळच पांडवलेणीच्या पायथ्याशी नेहरू वनोद्यान आहे, फाळके स्मारक आहे, जाण्याआधी कुठला भाग उघडा आहे ते ग्रुपवर विचारून घे. लेणीच्या पायऱ्यांचं मनात आणू नकोस, अर्ध्या रस्त्यात पोर कडेवर येतं. पुढचा मेसेज एवढाच टाक: "रविवारी सकाळी आठला वनोद्यानात मुलांना घेऊन कोण येतंय? बॉल मी आणते."